पारा सांडला तर केरसुणीला हात लावू नका: दवाखाना, प्रयोगशाळा आणि रसशाळेसाठी मार्गदर्शक

वॉर्डात ट्रॉलीवरून पाऱ्याचं बीपी मशीन पडलं की पुढे काय होतं, ते कुठल्याही जुन्या सिस्टरना विचारा. काच फुटते, फरशीवर चंदेरी गोळ्या धावतात, कुणीतरी गंमत म्हणून दोन-चार गोळ्या कागदावर घेऊन बाटलीत भरतं. मावशी केरसुणी फिरवतात, उरलंसुरलं ओल्या फडक्यानं पुसतात आणि वरून सवयीनं हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक द्रावण) ओततात. पाच मिनिटांत फरशी लख्ख. या पाच मिनिटांत जे जे झालं त्यातलं जवळपास सगळं चुकलं, आणि त्याचा भुर्दंड त्या खोलीत रोज आठ तास बसणाऱ्या माणसाला पुढचे कित्येक महिने भरावा लागतो.

आपल्याकडे पाऱ्याची भीती भलत्याच गोष्टीला चिकटली आहे. थर्मामीटर तोंडात फुटला की घरदार हादरतं, पण प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये दहा वर्षांपूर्वी सांडलेल्या पाऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. खरा धोका त्या ड्रॉवरमध्ये आहे.

धोका शरीरात शिरतो कुठून

धातुरूप पारा, म्हणजे थर्मामीटरमधला चंदेरी द्रव, गिळला गेला तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलाच जात नाही. दहा हजारांत एक भागही नाही. निरोगी माणसात तो शौचावाटे निघून जातो. अशा वेळी काळजी काचेची करायची. उलटी काढायला बोटं घालू नयेत, मिठाचं पाणी पाजू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं. कातडीला क्षणभर लागला तरी फारसं बिघडत नाही, साबणानं हात धुतले की झालं.

वाफेचं गणित पूर्ण वेगळं आहे. श्वासाबरोबर आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते. तिथून ती मेंदूत शिरते, गर्भवतीच्या वारेतून बाळापर्यंत पोचते, आणि पेशींमध्ये तिचं रासायनिक रूप पालटलं की परत बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. मूत्रपिंडात तर पारा साठतच जातो. शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे रोज थोडी भर पडत राहिली तर शिल्लक वाढतच राहते.

या वाफेला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. अमोनिया गळला तर माणूस पळत सुटतो. पाऱ्याच्या वाफेत तो निवांत चहा पीत बसतो.

थोडं गणित, कारण त्याशिवाय पटत नाही

कारखाना अधिनियम १९४८च्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागेच्या हवेत पाऱ्याच्या वाफेची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम अशी दिली होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस याच्या निम्मी, ०.०२५ मिलिग्रॅम आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरा. आतली हवा सुमारे ३४ घनमीटर भरते. म्हणजे दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी पारा हवेत मिसळला की आपली मर्यादा गाठली. ताप मोजायच्या एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम पारा असतो. बीपी मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम; दिसायला जेमतेम सहा-सात मिलिलिटर, चहाचे दीड चमचे. अर्थात तो एका दिवसात उडून जात नाही आणि खोलीतली हवाही बदलत असते. म्हणून तर एकदा सांडलेला पारा महिनोन्‌महिने पुरतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. बंद जागेत हवा पाऱ्याच्या वाफेनं पूर्ण भरली तर २० अंश सेल्सियसला घनमीटरमध्ये सुमारे १३ मिलिग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना ३० च्या आसपास, ४० अंशांना ६० च्या वर. दर दहा अंशांना दुपटीहून अधिक. युरोपातली नियमावली वाचताना हे लक्षात ठेवा. ती वीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेली असते. मे महिन्यातल्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या बंद खोलीला तो हिशेब लागू पडत नाही.

आणि केरसुणीचं काय? एक ग्रॅम पाऱ्याची एकच गोळी राहिली तर तिचा व्यास पाच मिलिमीटर आणि पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरहून कमी. वाफ निघते ती फक्त पृष्ठभागावरून. केरसुणीच्या काड्यांनी त्याच गोळीचे ०.१ मिलिमीटरचे कण केले, तर ते सुमारे एक लाख चाळीस हजार होतात आणि वाफ सोडणारा पृष्ठभाग पन्नास पट होतो. डोळ्यांना फरशी स्वच्छ, हवेत पारा पन्नास पट वेगानं. व्हॅक्युम क्लीनर त्याहून वाईट, कारण तो पारा गरम मोटरवरून ओढून खोलीभर फवारतो आणि स्वतः कायमचा बाद होतो.

लक्षणं: अंगावर काढली जातात ती हीच

एकदम जास्त वाफ गेली (बंद खोलीत पारा तापवला, गरम ओव्हनमध्ये थर्मामीटर फुटला) तर काही तासांत खोकला, छातीत दुखणं, धाप, ताप, तोंडात धातूची चव. सुरुवातीला फ्लू वाटतो. फुप्फुसांना सूज येऊन जीवही जाऊ शकतो. इथे वाट पाहत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना ‘पारा तापला होता’ हे आधी सांगायचं. हे सांगितलं नाही तर ते न्यूमोनियाचे उपचार करत राहतील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

थोडी थोडी वाफ महिनोन्‌महिने गेली तर चित्र निसरडं असतं. बोटांना कंप, आधी बारीक, अक्षर बिघडेल इतपत. मग पापण्या, ओठ. झोप उडते, विसर पडतो. हिरड्या सुजतात, लाळ सुटते. आणि स्वभाव बदलतो: मोकळाढाकळा माणूस बुजरा होतो, क्षुल्लक गोष्टीवर भडकतो, चारचौघांत जायचं टाळतो. घरचे म्हणतात टेन्शन आहे, साहेब म्हणतात कामात लक्ष नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या डॅनबरी गावात फेल्टच्या टोप्या करणारे कामगार प्राण्यांच्या फरचे केस नीट गुंतून फेल्ट व्हावं म्हणून पाऱ्याचं नायट्रेट वापरत. त्यांच्या कंपाला ‘डॅनबरी शेक्स’ असं नावच पडलं होतं. तिथे तो वापर थांबायला १९४१ साल उजाडलं.

मूत्रपिंडाचा त्रास लघवीतल्या प्रथिनांवरून कळतो. पायावर सूज दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पाऱ्याची विषबाधा हा आपल्या कायद्यात ‘सूचनीय’ व्यावसायिक आजार आहे. डॉक्टरला तो आढळला तर शासनाच्या कारखाना निरीक्षक यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. व्यवहारात किती डॉक्टर रुग्णाला ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न विचारतात, हा भाग निराळा.

सांडायच्या आधी: एक डबा तयार ठेवा

बाजारात तयार किट मिळतात, चांगली असतात, महाग असतात. परवडत असेल तर घ्या. नसेल तर घट्ट झाकणाच्या एका प्लास्टिकच्या डब्यात हे भरून डब्यावर ठळक अक्षरांत ‘पारा’ लिहा: नायट्राइलचे हातमोजे, बुटांवर घालायची आवरणं, चांगला टॉर्च, सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज किंवा ड्रॉपर, दोन जाड पत्त्यासारखे पुठ्ठे (जुनी लग्नपत्रिका झकास चालते), चिमटा, रुंद चिकटपट्टी, बारीक गंधक पावडर, झिपच्या जाड पिशव्या, आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली. बाटलीत बोटभर पाणी आधीच घालून ठेवा. पारा तळाशी बसतो आणि वरचं पाणी वाफ अडवतं.

मास्कबद्दल गैरसमज फार. सर्जिकल मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, पाऱ्याची वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी पाऱ्याचं खास कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. एका थर्मामीटरसाठी त्याची गरज नाही, उघड्या खिडक्या आणि झटपट काम पुरेसं. बीपी मशीन फुटलं, किंवा पारा गरम जागी सांडला, तर मात्र रेस्पिरेटरशिवाय कुणी खोलीत थांबू नये.

डबा कुठे आहे हे मावशींना आणि रात्रपाळीच्या मामांना माहीत हवं. इन्चार्ज सिस्टरच्या कुलूपबंद कपाटातला डबा रात्री दोन वाजता काय कामाचा?

सांडल्यावर: क्रमानं

१. आधी माणसं हलवा. गरोदर कर्मचारी आणि लहान मुलं सगळ्यांत आधी. मुलांना पारा मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो, आणि वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत रांगणाऱ्याच्या नाकाशी जास्त साचते. जो सांडलेल्या जागी उभा होता त्यानं चपला तिथेच काढून ठेवायच्या. नाहीतर एक माणूस अख्ख्या मजल्यावर पारा पोचवतो.

२. एसी आणि पंखा बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, तीच ती फिरवतो. आतला दरवाजा बंद, बाहेरच्या खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट थेट बाहेर जात असेल तर चालू. जवळ हॉटप्लेट, बर्नर, ऑटोक्लेव्ह चालू असेल तर बंद करा.

३. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. पारा सोन्या-चांदीला चिकटून त्यात मुरतो. अंगठी पांढरी पडते आणि मग ती रोज बोटावर पारा बाळगते. हातमोजे त्यानंतर. ॲल्युमिनियमची सुपली किंवा ट्रे वापरू नका, पारा तो धातूही खातो. लोखंडाला मात्र तो चिकटत नाही. म्हणूनच व्यापारात पारा ३४.५ किलोच्या लोखंडी फ्लास्कमध्ये येतो.

४. खोलीतले दिवे मंद करा आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा फिरवा. वरून दिसत नव्हते ते कण लखलखतात. गोळ्या वाटतात त्याहून लांब गेलेल्या असतात. कपाटाखाली, ट्रॉलीच्या चाकात, भिंतीच्या पट्टीपाशी पाहा. कुठवर गेला ते खडूनं आखून घ्या.

५. काचा चिमट्यानं उचला. मग कडेकडून मध्याकडे या: पुठ्ठ्यानं हलक्या हातानं गोळ्या ढकलत एकमेकींना भिडवा. भिडल्या की त्या आपसूक एक होतात. मोठी गोळी सिरिंजनं ओढून बाटलीत सोडा. घाई केली की गोळी फुटते.

६. उरलेले बारीक कण चिकटपट्टीनं टिपा. पट्टीचा तुकडा बोटाभोवती चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, दाबा, उचला, पिशवीत टाका. दाढीच्या क्रीमचा फेस लावलेला छोटा ब्रशही हे काम छान करतो.

७. फरशीच्या सांध्यात, भेगांत गंधक पावडर भरा. गंधक आणि पारा मिळून काळसर संयुग होतं, त्यातून वाफ निघत नाही. पण गंधक टाकला की काम झालं, हा समज सोडा. खोलीच्या तापमानाला ही क्रिया सावकाश चालते आणि गोळीच्या वरच्या थराशीच थांबते. गंधक शेवटच्या कणांसाठी आहे, दिसणारा पारा झाकायला नाही. काही तासांनी तो ओल्या टिश्यूनं उचलून त्याच पिशवीत घाला.

८. हातमोजे, पट्ट्या, टिश्यू, काचा, सगळं पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर चिठ्ठी: ‘पारायुक्त कचरा’, तारीख, जागा. कपड्यावर पारा पडला असेल तर तो कपडा वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, तोही पिशवीत. गादीत किंवा गालिच्यात गेला असेल तर तेवढा भाग कापून काढा.

९. खोली किमान २४ तास खिडक्या उघड्या ठेवून मोकळी सोडा. मग वाफमापक यंत्रानं मोजून घेता आलं तर उत्तम. औद्योगिक सुरक्षेची कामं करणाऱ्या संस्थांकडे ते असतं.

हायपोक्लोराइट, फिनेल, अमोनियाची क्लीनर यांतलं काहीही पाऱ्यावर ओतायचं नाही. पारा हा जंतू नव्हे, मरायचा नाही. उलट क्लोरीन आणि अमोनियावाली द्रावणं त्याच्याशी मिळून नवी विषारी भानगड करून ठेवतात. दवाखान्यात ‘सांडलं की हायपो’ हा हात इतका बसलेला असतो की ही सूचना डब्याच्या झाकणावरच लिहिलेली बरी.

आणि मोरीत किंवा बेसिनमध्ये काही टाकायचं नाही. पारा पाण्याहून साडेतेरा पट जड, तो वाहून जात नाही. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये जाऊन बसतो आणि प्रत्येक गरम पाण्याबरोबर थोडा थोडा वर येतो. जुन्या प्रयोगशाळेचं नूतनीकरण करताना प्लंबरला आधी बजावा: ट्रॅपखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवूनच तो उघडायचा आणि पाइपला आच लावायची नाही.

जागा बदलली की धोका बदलतो

*दंतवैद्यकाचा दवाखाना.* चांदी भरणं म्हणतात त्या मिश्रणात निम्मा पारा असतो. पूर्वी खलात पारा नि पावडर घोटून, फडक्यात धरून तळहातावर पिळून जास्तीचा पारा काढत. अजूनही कुठे कुठे ही पद्धत दिसते. ती बंद करा, मोजून भरलेल्या कॅप्सूल वापरा. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२२च्या बैठकीत सुटा पारा वापरणं बंद करायचं आणि १५ वर्षांखालची मुलं, गरोदर व स्तनदा माता यांच्या दातात तो शक्यतो भरायचा नाही, असं ठरलं. जुनं फिलिंग काढताना भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन हवं, कारण ड्रिलच्या उष्णतेनं वाफ निघते. उरलेलं मिश्रण हवाबंद बरणीत. फिलिंग असलेला काढलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, दवाखान्याचा जाळायचा कचरा जातो त्या पिवळ्या पिशवीतही नको.

*प्रयोगशाळा.* इथे सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे गरम ओव्हनमध्ये किंवा इन्क्युबेटरमध्ये थर्मामीटर फुटणं. दार उघडून पाहायचा मोह होतोच. उघडू नका. वीज बंद करा, खोली रिकामी करा, खिडक्या उघडा आणि ओव्हन पूर्ण थंड होईपर्यंत दार बंद ठेवा. ओव्हनला पाऱ्याऐवजी डिजिटल प्रोब लावला की हा प्रश्नच मिटतो.

एमआयडीसीतल्या ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) लॅबमध्ये पारा दिसत नाही, पण असतो. सांडपाण्यातली घाण मोजायच्या सीओडी चाचणीत क्लोराइडचा अडथळा टाळायला मर्क्युरिक सल्फेट घालतात. चाचणी झाली की त्या नळ्या धुऊन पाणी बेसिनमध्ये, आणि तिथून परत ईटीपीत! प्रदूषण मोजण्याच्या चाचणीनंच प्रदूषण. या नळ्यांतल्या द्रवात पाऱ्याबरोबर क्रोमियम आणि चांदीही असते. तो वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणूनच द्यायचा. अमोनिया मोजायचं नेस्लर द्रावण आणि पॅथॉलॉजीतली मर्क्युरिक क्लोराइड असलेली जुनी फिक्सेटिव्ह (ऊतींचे नमुने टिकवायची द्रावणं) यांनाही हाच नियम. हे क्षार धातुरूप पाऱ्यासारखे नाहीत. पोटात गेले तर आतडी आणि मूत्रपिंडं जाळतात. तोंडानं पिपेट ओढणं अजून कुठे चालू असेल तर आज बंद करा.

सेंद्रिय पारा ही तर वेगळीच जात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. हातमोजे लॅटेक्सचे होते, द्रव त्यातून काही सेकंदांत आरपार गेला. लक्षणं काही महिन्यांनी दिसली आणि जून १९९७मध्ये त्या गेल्या. त्या स्वतः विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या. अशा संयुगांसाठी खास बहुस्तरीय हातमोजे लागतात, आणि खरं सांगायचं तर ती वापरायची गरजच पडू नये असा प्रयोग आखावा.

*रसशाळा.* आयुर्वेद महाविद्यालयांच्या रसशास्त्र विभागात आणि औषधी कारखान्यांत पारद, म्हणजे पाराच, रोज हाताळला जातो. औषध गुणकारी की अपायकारी, हा वाद इथे नको. खल घोटणाऱ्या माणसाच्या नाकाशी काय आहे, एवढंच पाहू. पारद आणि गंधक घोटून कज्जली करताना, ती निश्चंद्र होईपर्यंत, म्हणजे पाऱ्याची चमक पूर्ण जाईपर्यंत, सुटा पारा खलात उघडाच असतो आणि घोटून घोटून त्याचे बारीक कण झालेले असतात. वर पाहिलेलं केरसुणीचं गणित इथे तासन्‌तास चालतं. हिंगुळातून (पाऱ्याच्या लाल खनिजातून) ऊर्ध्वपातनानं पारा काढणं आणि वालुकायंत्रात, म्हणजे तापत्या वाळूत काचेची कूपी ठेवून, कूपीपक्व रसायन करणं यांत तर थेट आच आहे. कूपी तडकली तर वाफ सरळ खोलीत. म्हणून घोटण्याचं काम ओढ असलेल्या फ्यूम हूडमध्ये किंवा झाकलेल्या यांत्रिक खलात, भट्टी उघड्यावर आणि वाऱ्याच्या दिशेला माणूस न ठेवता, आणि भट्टीवरच्या माणसाला पाऱ्याच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर. पदरानं किंवा उपरण्यानं नाक झाकणं म्हणजे नुसतं समाधान. विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक एका दिवसाचं असतं, पण खल घोटणारा परिचर तिथे वीस वर्षं असतो. तपासणी त्याची आधी करा.

*सोनाराची पेढी आणि झारेकरी.* पेढीची धूळ धुऊन त्यातलं सोनं पाऱ्यानं पकडायचं आणि मग पारा जाळून उडवायचा, ही जुनी रीत. घराच्या मागच्या खोलीत, चुलीवर हे करणं म्हणजे अख्ख्या घराला विष देणं आहे. यात सुरक्षित अशी घरगुती पद्धत नाही. धूळ रिफायनरीला विका.

तपासणी कुणाची, कशी

पाऱ्याजवळ रोज काम करणाऱ्यानं कामावर लागताना एकदा आणि मग दर सहा-बारा महिन्यांनी लघवीतला पारा तपासून घ्यावा. नमुना सकाळचा, घरून अंघोळ करून स्वच्छ कपड्यांत दिलेला. कामाच्या जागी दिला तर हातावरचा नाहीतर कपड्यावरचा पारा बाटलीत पडून आकडा फसवा येतो. सोबत क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा एक घटक) मोजलेलं हवंच, नाहीतर लघवी पातळ की दाट यावर आकडा बदलतो. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमच्या वर पारा दिसला, तर कामाची जागा तपासायची वेळ आली असं धरा. त्या माणसाला दोष द्यायची नव्हे.

रक्तातल्या पाऱ्यावर माशांचा परिणाम होतो. रत्नागिरी-मालवणकडच्या, आठवड्याला चार वेळा सुरमई खाणाऱ्याचा रक्तातला आकडा वर आला म्हणून लगेच लॅबला बोल लावू नका. आधी लघवीची तपासणी करा. आणि पारा बाहेर काढायची औषधं इंटरनेटवर वाचून घेऊ नका. डीएमएसए वगैरे औषधं विषबाधेच्या जाणकार डॉक्टरांनीच द्यायची. सर्वांत मोठा उपचार म्हणजे त्या माणसाला वाफेपासून दूर करणं. तो न करता गोळ्या देणं फुकट.

जमा केलेला पारा द्यायचा कुणाला

तमिळनाडूतल्या कोडाईकनालचं उदाहरण इथे आठवलंच पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनहून १९८०च्या दशकात उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना तिथे हिंदुस्तान लिव्हर चालवत होती. २००१मध्ये गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेली ७.४ टन काच सापडली आणि कारखाना बंद पडला. २००३मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजानं अमेरिकेला परत पाठवावा लागला. माजी कामगारांशी, ५९१ जणांशी, तडजोड व्हायला २०१६ साल आलं. सुरुवात झाली होती ती फुटकी काच भंगारात जाण्यापासून. दवाखान्यातून जुनी बीपी मशीनं भंगारात जातात तेव्हा वेगळं काय होतं?

पिवळी पिशवी इन्सिनरेटरमध्ये जाते. तिच्यात थर्मामीटर गेला म्हणजे आपण पैसे देऊन त्याची वाफ करून घेतली. निळ्या डब्यातली काच निर्जंतुक करून पुनर्वापराला जाते. तिथेही तो नको. पाऱ्याला जैववैद्यकीय कचऱ्याच्या कुठल्याच रंगात जागा नाही. तो २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारून आपलं केंद्र ठरवून घ्या. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका. ते ई-कचऱ्यात, मूळ खोक्यात, अखंड.

नेईपर्यंत साठवताना: बाटली लहान घ्या. एक लिटर पारा साडेतेरा किलो भरतो, साध्या बाटलीचा तळ हातातच निसटतो. बाटली प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये, कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, उन्हापासून लांब, अमोनिया आणि नायट्रिक ॲसिडपासून वेगळी. साठवणुकीची मुदत ९० दिवस.

पाऱ्याची उपकरणं बदलायला आता सबब उरलेली नाही. मिनामाता करार ऑगस्ट २०१७पासून लागू आहे, भारतानं तो २०१८मध्ये स्वीकारला आणि पाऱ्याची उत्पादनं वापरायला घेतलेली सवलत २०२५पर्यंतचीच होती. डिजिटल बीपी मशीन ‘खरं’ दाखवत नाही, ही जुन्या डॉक्टरांची तक्रार मी ऐकून आहे. प्रमाणित मॉडेल घेतलं आणि दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन केलं तर ती टिकत नाही. ॲनेरॉइड (काट्याच्या तबकडीचं) घेतलं तर हे कॅलिब्रेशन चुकवून चालणारच नाही, कारण ते पडलं की मुकाट्यानं चुकीचं दाखवू लागतं.

जुनी मशीनं काढताना आधी मोजदाद करा: किती चालू, किती फुटकी, किती अडगळीत. पारा बाहेर काढत बसू नका, मशीन आहे तसंच नळीची खटकी बंद करून, उभं, पिशवीत बांधून द्या. गाडी येईल तेव्हा नमुना १०चं मॅनिफेस्ट (घातक कचरा नेतानाचा सोबतचा कागद) भरून घ्या, त्यावर वजन आणि नगसंख्या दोन्ही लिहा, आणि केंद्रानं माल मिळाल्याची सही केलेली प्रत परत आल्याशिवाय मशीनं नोंदवहीतून कमी करू नका.